अर्जदार व इतर एक

भाऊसाहेबांचे केस सत्तावन्नाव्या वर्षीही काळेभोर होते, आणि ते मुळातच तसे आहेत अशी अख्ख्या पाणीपुरवठा कचेरीची समजूत होती. ही समजूत भाऊसाहेबांनी पसरवली नव्हती. खोटं बोलणाऱ्यांतले ते नव्हतेच. इतकी वर्षं हेडक्लार्की केली, पण एका फाईलवर कधी मागची तारीख टाकली नाही. कोणी विचारलंच, "भाऊसाहेब, या वयात केस असे कसे हो?" तर ते मंद हसायचे आणि म्हणायचे, "रात्री नऊला झोपतो आणि कुणावर चिडत नाही." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांचा केसांशी काही संबंध आहे असं भाऊसाहेब कधीच म्हणाले नव्हते. लोक जोडतात, त्याला माणूस काय करणार?

पाठ धरली म्हणून ते दोन दिवस रजेवर होते, तेव्हा कचेरीतली ऑपरेटर मुलगी काही कागद सहीला घेऊन घरी आली.

"घर सापडायला त्रास नाही ना झाला?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"छे! फोनच्या नकाशात घराचा फोटोच आहे. आणि बाल्कनीत तुम्हीच बसलाय." एवढं बोलून तिने जीभ चावली. मग हळूच म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही हं."

'कोणाला सांगणार नाही' हे वाक्य ज्याला ऐकावं लागतं, त्याचं काहीतरी संपलेलं असतं. भाऊसाहेबांनी चष्मा लावला आणि तिच्या फोनमध्ये पाहिलं.

डोक्यावर कॅमेऱ्याचा दांडा लावलेली कंपनीची मोटार कुठल्यातरी रविवारी सकाळी गल्लीतून गेली असणार. फोटोत पहिल्या मजल्याची बाल्कनी होती. बाल्कनीत स्टूल, स्टुलावर गळ्याभोवती जुनी चादर गुंडाळलेले, कानांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवलेले, हातात आरसा धरलेले भाऊसाहेब, त्यांच्या डोक्यावर नुकतं डांबर ओतलेल्या रस्त्यासारखा चकाकणारा कलप, आणि मागे दात घासायचा जुना ब्रश उगारून उभी असलेली त्यांची बायको.

इथवरही सहन झालं असतं. फोटोत येणाऱ्या माणसांचे चेहरे कंपनीचं मशीन आपोआप पुसट करतं. बायकोचा चेहरा त्याने पुसला होता. तळमजल्यावरच्या टेलरमास्तरांच्या पाटीवर सूट घातलेला एक पुरुष रंगवलेला होता, त्याचाही पुसला होता. बाल्कनीच्या कठड्यावर ठेवलेल्या तेलाच्या डब्यावर एक बाई छापलेली होती. मशीनने तिचीसुद्धा अब्रू राखली होती. फक्त भाऊसाहेब तेवढे नाकावरच्या तिळासकट लख्ख दिसत होते.

"म्हणजे मशीनला डब्यावरची बाई माणूस वाटली," मुलगी गेल्यावर भाऊसाहेब बायकोला म्हणाले, "आणि मी वाटलो नाही."

"राहू द्या हो. कोण बघतंय?"

"सगळं जग बघतंय!"

"जगाला आपापली कामं आहेत," बायको म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

भाऊसाहेबांना ते पटलं नाही. एक साधा अर्ज करायचा, फोटो काढून टाकायला लावायचा, आठ दिवसांचं काम, असं त्यांनी ठरवलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज प्रलंबित ठेवलेल्या माणसाने आठ दिवस म्हणावेत याचंच खरं तर नवल वाटायला हवं.

सल्ला विचारायला ते फौजदारांकडे गेले. म्हणजे फार लांब गेले नाहीत. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून फौजदार जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसत आणि कोण किती वाजता आलं, कोण कोणाबरोबर गेलं, कोणाकडे किती वजनाचं पार्सल आलं, याची एका डायरीत नोंद ठेवत. याला ते पाळत म्हणत नसत, लक्ष म्हणत.

फौजदारांनी सगळं ऐकून घेतलं. "याचा अर्थ एकच. तुमच्यावर कोणीतरी नजर ठेवून आहे."

"माझ्यावर? कशासाठी?"

"ते तुम्ही सांगायचं," फौजदार म्हणाले आणि डायरी उघडली. "घाबरू नका. रविवारी सकाळी नऊ ते अकरा नेमकं काय काय करता, सावकाश सांगा."

भाऊसाहेब सावकाश वर निघून आले आणि त्यांनी कंपनीलाच अर्ज करायचं ठरवलं. कंपनीचा अर्ज फोनवर भरायचा होता. पहिलाच प्रश्न होता: तुम्ही यंत्र नसून माणूस आहात हे सिद्ध करा. रस्त्यावरच्या वाहनांचे नऊ फोटो होते, त्यातल्या सायकली ओळखायच्या होत्या. भाऊसाहेबांनी तीन वेळा ओळखल्या. तिन्ही वेळा चुकल्या. चौथ्या वेळी बायकोने खांद्यावरून बघून बोट टेकवलं आणि भाऊसाहेब माणूस ठरले. चार दिवसांनी उत्तर आलं: 'आपण दाखवलेल्या ठिकाणी आमच्या मशीनला चेहरा आढळून आलेला नाही. सबब पुसण्यासारखं काही नाही. धन्यवाद.'

ते 'धन्यवाद' भाऊसाहेबांच्या फार जिव्हारी लागलं.

मग त्यांना कोणीतरी सांगितलं, की नागरिकांची खाजगी माहिती जपण्यासाठी सरकारने एक वेगळं कार्यालयच काढलंय. भाऊसाहेबांचा सरकारी कार्यालयांवर गाढ विश्वास होता, कारण ते स्वतः एकात बसत. रजा टाकून ते तिथे गेले. फाटकावर त्यांचा फोटो काढला, अंगठ्याचा ठसा घेतला, फोन जमा करून घेतला आणि नोंदवही पुढे सरकवली: नाव, पत्ता, वडिलांचं नाव, वय, येण्याचं कारण. वहीत आधी येऊन गेलेल्यांची कारणं होती. 'नवरा फोन तपासतो.' 'शेजाऱ्याचा कॅमेरा आमच्या न्हाणीकडे वळलेला आहे.' 'सासूबाई पत्रं फोडतात.' भाऊसाहेबांनी दीड पान अगदी रंगून वाचलं, आणि मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं की आपल्या मागून येणारा माणूसही असाच रंगून वाचणार. त्यांनी कारण लिहिलं, 'वैयक्तिक'.

खिडकीतल्या कारकुनाने ते खोडलं. "वैयक्तिक नाही चालत. इथे सगळ्यांचं वैयक्तिकच असतं. नेमकं लिहा."

भाऊसाहेबांनी अगदी बारीक अक्षरात लिहिलं. कारकुनाने वही उलटी फिरवून मागच्या रांगेलाही नीट कळेल अशा आवाजात वाचलं, "क-ल-प! असं होय. नमुना चार भरा."

नमुना चार आठ पानी होता. भाऊसाहेबांनी तो चांगल्या हेडक्लार्काच्या सफाईने भरला. 'चित्रात दिसणाऱ्या व्यक्ती' असा एक रकाना होता. तिथे त्यांनी हात न थांबवता लिहिलं: 'अर्जदार व इतर एक.' असं लिहायची त्यांना सवयच होती.

"आता पंधरा दिवस नोटीस," कारकून म्हणाला. "तुमच्या इमारतीच्या फलकावर लावायची. चित्र पुसलं तर कोणाचं नुकसान होत असेल, त्याला हरकत घेता आली पाहिजे ना. लोकशाही आहे."

"नोटिशीत काय असतं?"

"अर्ज आणि फोटो. रंगीत, मोठा. चेहरा स्पष्ट ओळखता आला पाहिजे."

"अहो, पण तो कोणी बघू नये म्हणूनच तर मी…"

"त्यासाठीच नोटीस," कारकून समजुतीने म्हणाला.

अशा रीतीने, जो फोटो आजवर एका ऑपरेटर मुलीने पाहिला होता, तो जिन्याच्या तोंडाशी फौजदारांच्या खुर्चीच्या बरोब्बर वर सरकारी शिक्क्यानिशी लागला. फौजदारांनी आपल्या खर्चाने लाल पेन्सिल आणून भाऊसाहेबांच्या डोक्याकडे एक बाण काढला, कोणाचा गोंधळ नको म्हणून. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी थांबवून कलपाची छटा विचारली. टेलरमास्तर जाता-येता आपल्या पाटीकडे बघत आणि मान हलवत. कोणाचा तरी भाचा त्या इमारतीत राहायचा, तो कोणाच्या तरी कचेरीत होता, आणि गुरुवारपर्यंत फोटो पाणीपुरवठ्यात पोचला.

कचेरीत कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे भाऊसाहेबांशी फार मायेने वागू लागले. दुपारी कॅशियर त्यांच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. सदतिसाव्या वर्षीच त्याचे कल्ले पिकले होते.

"भाऊसाहेब," तो म्हणाला, "मी दोन वर्षं नऊला झोपतोय."

भाऊसाहेबांनी समोरची फाईल उघडून परत मिटली.

"मित्र सुटले. क्रिकेट सुटलं. बायको एकटी टीव्ही बघते." त्याने कल्ल्यावरून हात फिरवला. "चिडत नाहीये मी. ते तर मी तुमच्यामुळेच सोडलं."

पंधरा दिवसांनी कार्यालयातून पाकीट आलं. दोन हरकती आल्या होत्या. पहिली टेलरमास्तरांची होती. दुसरीच्या पाकिटावरचा पत्ता बघूनच भाऊसाहेब खुर्चीत बसले, कारण ते अक्षर ते रोज डाळीच्या डब्यांवर वाचत होते.

"अगं, तू हरकत घेतलीस?"

"घेतली." बायको भाजी निवडत होती. "नोटिशीत लिहिलं होतं, कोणाची हरकत असल्यास कळवावे. माझी होती. कळवली."

"पण घरी सांगायचं ना!"

"घरी तुम्ही विचारलं नव्हतंत. नोटिशीने विचारलं."

भाऊसाहेब रुसले. ती रुसली नाही, नुसती गप्प झाली, आणि ते जास्त जड गेलं. कामापुरतं बोलणं होत होतं. दूध आलं. बिल भरलं. पंखा बंद करा. त्यात रविवार आला, आणि भांगात पांढरी रेघ दिसायला लागली होती. बायकोने ब्रश काढला नाही. भाऊसाहेबांनीही विचारलं नाही. मानी माणूस. न्हाणीघराचं दार लावून त्यांनी स्वतःच कलप लावला. मागचं डोकं स्वतःला दिसत नाही, हे माणसाला अशा वेळीच कळतं. अर्ध्या तासाने ते बाहेर आले तेव्हा मान, एक भुवई आणि कपाळाचा डावा भाग काळा झाला होता, आणि केस होते तसेच होते.

बायकोने पाहिलं. तिचे ओठ थरथरले. हसू होतं की काय होतं, कळायच्या आत ती स्वयंपाकघरात गेली आणि येऊन त्यांच्यासमोर खोबरेल तेल आणि कापसाचा बोळा ठेवून गेली. तेलाने भुवई सुटली. कपाळ मात्र सुनावणीपर्यंत तसंच राहिलं.

सुनावणीला टेलरमास्तर होते, बायको होती, आणि आपल्याला कोणी बोलावलेलं नसताना डायरी घेऊन फौजदार होते. अधिकारी बाई तरुण होत्या. "अर्जदार कोण?" त्यांनी विचारलं. भाऊसाहेब उभे राहिले. बाईंनी त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, मग फाईलमधल्या फोटोकडे पाहिलं, आणि ओळख पटल्यासारखी मान हलवली.

टेलरमास्तर आधी बोलले. "बाईसाहेब, आमच्या पाटीवरच्या साहेबाचं तोंड आधीच गेलंय. परवा एक गिऱ्हाईक विचारत आलं, बिनतोंडाचा सूटवाला तो तुम्हीच का? तरी आलं तर खरं! आता घरच पुसलं, तर पाटी पण जाणार. मग येणार कोण?"

बाईंनी लिहून घेतलं. मग दुसरी हरकत उघडून मोठ्याने वाचली: "'या फोटोत उभी असलेली बाई मी आहे. माझा चेहरा मला न विचारता पुसला. आता फोटोसुद्धा मला न विचारता पुसायला काढला आहे. अर्जात माझा उल्लेख इतर एक असा केला आहे. तरी माझी हरकत आहे.'"

भाऊसाहेबांना आपले कान तापल्यासारखे वाटले. एकतीस वर्षांचा संसार त्यांनी एका रकान्यात, चार शब्दांत बसवला होता, आणि तेव्हा रकान्यात नीट बसला म्हणून त्यांना बरंही वाटलं होतं.

"तुम्हाला नक्की काय हवंय, मावशी?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"मला माझा चेहरा बघायचाय."

"म्हणजे नकाशात तो सगळ्यांना दिसावा?"

"सगळ्यांशी काय करायचंय मला?" बायको उभी राहिली. एवढ्या लोकांसमोर ती कधी बोलली नव्हती. पिशवीचा बंद तिने बोटाला घट्ट गुंडाळला होता. "मलाच बघायचाय. कलप लावताना आरसा यांच्या हातात असतो. चौदा वर्षं झाली. तेव्हा माझं तोंड कसं असतं, मला माहीत नाही. यांना तर नाहीच नाही. त्या गाडीवाल्यांना मात्र माहीत आहे. हे बरोबर आहे का, तुम्हीच सांगा."

फौजदारांनी डायरीची चार पानं मागे उलटली. त्यात याबद्दल काही नव्हतं.

अधिकारी बाईंनी नियमांचं पुस्तक चाळलं. "पुसून टाकण्यासाठी नमुना चार आहे. पुसलेलं परत आणायचा नमुनाच नाही. आजवर कोणी मागितलंच नाही." त्यांनी आणखी काही पानं उलटली. "पण आपली स्वतःची माहिती बघायला मागता येते. नमुना नऊ. मूळ फोटो कंपनीकडे असतोच."

"असतोच?" भाऊसाहेबांच्या तोंडून निघालं. "मग पुसतात ते काय?"

"ते आपल्यासाठी पुसतात. त्यांच्याकडे सगळं असतं." बाईंनी हे अशा सुरात सांगितलं, की त्यांच्याही घराला बाल्कनी असावी. "फक्त, फोटोत दुसरी व्यक्ती असेल तर तिची संमती लागते."

नमुना नऊ आला. बायकोने तो तिथेच बसून भरला. भाऊसाहेब मान लांब करून बघायला लागले तर तिने परीक्षेतल्या मुलीसारखा डावा तळवा आडवा धरला. मग सहीसाठी कागद त्यांच्याकडे सरकवला. 'चित्रातील दुसरी व्यक्ती' या रकान्यात तिने लिहिलं होतं: 'माझे यजमान.' खाली 'ओळखीची खूण' होती. तिथे लिहिलं होतं: 'केस पांढरे.'

"अगं!"

"सरकारी अर्जात खरं लिहायचं असतं. तुम्हीच सांगता."

भाऊसाहेबांनी सही केली.

"आणि तुमच्या अर्जाचं काय करायचं?" बाईंनी विचारलं.

भाऊसाहेबांनी टेलरमास्तरांकडे पाहिलं, मग बायकोच्या बोटाकडे पाहिलं. बंद सैल झाला होता, पण त्याचा वळ बोटावर होता. "मागे घेतो."

"कारण लिहावं लागेल."

त्यांनी पेन उचललं. हेडक्लार्काला कारणांची कधी वानवा नसते. 'प्रशासकीय कारणास्तव' एवढं लिहिलं तरी भागलं असतं. त्यांनी लिहिलं: 'विचारायचं राहिलं होतं.' बाईंनी ते वाचलं आणि शिक्का मारला.

पाच आठवड्यांनी तपकिरी लिफाफा आला. दोघं स्वयंपाकघरात टेबलाशी बसली. कोपरा फाटू नये म्हणून बायकोने लिफाफा सुरीने उघडला. फोटो तोच होता. स्टूल, चादर, डांबर. भाऊसाहेब स्वतःकडे बघायचंच विसरले.

फोटोत तिची नजर त्यांच्या केसांवर नव्हतीच. मान जराशी तिरकी होती, तिचे स्वतःचे पांढरे केस वाऱ्याने कपाळावर आले होते, गालावर कलपाचा एक ठिपका होता. डोळे अर्धे मिटलेले आणि तोंड उघडं. या घरात, या बाईबरोबर आपण एकतीस वर्षं राहतोय आणि हा चेहरा आपण पहिल्यांदा बघतोय, असं भाऊसाहेबांना वाटलं, आणि ते घाबरल्यासारखे झाले.

"माझ्यावर ओरडत होतीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"ओरडत कशाला? गात होते."

"गात? कधीपासून?"

"पहिल्यापासून. कानांना डाग नको म्हणून तुम्ही त्या पिशव्या चढवून बसता. तुम्हाला कुठून ऐकू जाणार?"

"मग सांगायचं नाही कधी?"

बायको फोटोकडेच बघत होती. "सांगितलं असतं तर तुम्ही ऐकायला बसला असतात," ती म्हणाली. "मग मला गाता आलं नसतं."

काय गात होतीस, हा प्रश्न भाऊसाहेबांच्या अगदी ओठांवर आला होता. त्यांनी तो तसाच गिळला. महिना-दीड महिना खाजगी, खाजगी म्हणून ते गावभर फिरले होते. ते असं टेबलावर, हाताच्या अंतरावर असेल अशी त्यांना कल्पना नव्हती.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. बाहेर फौजदार होते आणि त्यांच्या मागे टेलरमास्तर.

"अकरा वाजून दहा मिनिटांनी तपकिरी लिफाफा आला," फौजदार म्हणाले. "फोटो ना? बघू तरी."

"नाही," भाऊसाहेब म्हणाले.

"अहो, नाही काय? आधीचा अख्ख्या इमारतीने पाहिलाय!"

"तो त्यांनी काढलेला होता. हा आमचा आहे." भाऊसाहेबांनी दार अदबीने लोटलं, कडी लावली, आणि बाहेर डायरीत काहीतरी लिहिल्याचा आवाज येईपर्यंत तिथेच पाठ टेकून उभे राहिले.

"कोण होतं हो?" आतल्या खोलीतून बायकोने विचारलं.

"फौजदार. फोटो बघायला आले होते."

"मग दाखवायचा होतात की! एवढा जिना चढून आले बिचारे," ती म्हणाली. भाऊसाहेब आत डोकावले तर फोटो कपाटात, कपड्यांच्या घडीखाली गेलेला होता, आणि ती कपाटाला कुलूप लावत होती.